परतीचं पाणी

बॉयलरचा काटा तीन हिवाळे झाले अडकून पडलाय
साठावर. बाहेर काहीही असो, साठ.
मी त्याच्याकडे बघत नाही.
हातमोजा काढतो, परतीच्या पाइपावर तळवा ठेवतो,
दहा मोजतो.

गावभर हिंडून आलेलं पाणी सगळं सांगतं.
शाळेची काच फुटली, हे मला आधी पाण्यानं सांगितलं,
मग मुख्याध्यापिकेनं.
गार आलं तर चार फावडी जास्त.
तापून आलं तर हात आखडता, आणि चहा.
बावीस वर्षं एवढंच.

वार्वारा सेम्योनोव्ना, आमच्या डॉक्टर,
शस्त्रक्रियेनंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या:
मिचिल, तुझ्यासारखंच कुणीतरी
डोक्यातही बसलेलं असतं, वाटाण्याएवढं,
नाकाच्या मुळामागे. पीयूषिका ग्रंथी.
ती रक्तातून निरोप धाडते, गळ्यातली थायरॉइड तो ऐकते,
आपलं हार्मोन सोडते,
अंगातली पेशी न् पेशी जरा जोरानं जळू लागते.
तेच हार्मोन हिंडत हिंडत परत वर पोचतं.
तिच्या तळव्याला ऊब लागते,
ती गप्प होते.

तुझ्या कुन्नेयचा गळा मात्र आम्ही रिकामा केलाय.
आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी.
तेवढंच फावडं. चुकवू नका.

यंदा लेना उशिरा गोठली.
फेरीबोटीला पाणी जाड, गाडीला बर्फ पातळ;
शहर पलीकडच्या तीरावर, दिवे दिसतात,
जाता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात कुन्नेयचा आवाज घोगरा झाला.
बोलता बोलता वाक्य खाली ठेवायची
आणि उचलायला विसरायची.
कातडी बूट शिवताना सुई हातातच, डोळे मिटलेले.
दोन रजया, वर माझा कोट, तरी पाय
बर्फातून काढलेल्या माशासारखे.

मी कोळसा वाढवला.
दुसऱ्या दिवशी आणखी.
शाळेतली पोरं सदऱ्यावर बसली,
प्रोकोपीच्या म्हातारीनं उणे चाळिसात खिडकी उघडली
आणि मला शिव्या घातल्या.
परतीचं पाणी हाताला चटके देत होतं: पुरे, पुरे.
पाणी खोटं बोलत नाही.
पण ते भिंतीपर्यंतचंच बोलतं,
कातडीच्या आतलं त्याला काय ठाऊक?

बटणांच्या डब्यात सापडली
गोळ्यांची रिकामी पाकिटं, नीट घडी घातलेली.
"नदी धरली की आणणार होते," ती म्हणाली.
"तू आधीच रात्रपाळीला."

डॉक्टरांनी रक्त घेतलं, एकाच आकड्यावर बोट ठेवलं.
केवढा मोठा होता तो!
म्हणाल्या, ही बघ पीयूषिकेची हाक.
परत काही येत नाही म्हणून ती ओरडतेय,
रात्रंदिवस, वरच्या पट्टीत,
ज्या घरात कुणी राहत नाही त्या घराच्या दारात.

त्या रात्री मी भट्टीपुढे बसून घामानं निथळलो,
बाहेर राख टाकायला गेलो, क्षणात अंगावर काटा,
दात वाजायला लागले. कुणी सांगितलं त्यांना?
मी तर काहीच केलं नव्हतं.
माझ्या आत कोण एवढी वर्षं
बिनपगारी पाळी करतंय,
एकदाही विचारपूस केली नाही मी.

हॉवरक्राफ्टनं गोळ्या आल्या, पिठाच्या पोत्यांमागून.
गोळीनं त्याच दिवशी ऊब येत नाही.
सहा आठवडे धरा, म्हणाल्या.
मी धरले. पाळी संपली की घरी यायचो,
हातमोजा काढून रजईखाली तिच्या तळपायावर
तळवा ठेवायचो, दहा मोजायचो.
गार.
गार.
एकदा वाटलं, नाही. पण गारच.

काल सातपर्यंत मोजलं असेल,
तिनं पाय झटकन ओढून घेतला.
"मिचिल," म्हणाली, अख्खं वाक्य, न थांबता,
"हात केवढा गार आहे तुझा."